नऊ दगड, दहा जागा

ती. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण आठांपैकी एक अंग गेले चार आठवडे प्लास्टरमध्ये असल्यामुळे तूर्त सातांवर भागवून घ्यावं. आठवं मोकळं झालं की मागाहून पाठवीन. तुझी पाठ कशी आहे? मशीनवर बसताना मागे उशी घेतेस, की उशी शेजारच्या खुर्चीवर आरामात आणि तू पुढे वाकलेली, असंच अजून चाललंय? भावोजींना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्यांना वेगळा सांग. (गुडघे एवढे दुखत असूनही ते रोज संध्याकाळी जिना उतरून खाली कुणाशी फोनवर बोलायला जातात, हे मला माहीत नाही. तूही विचारू नकोस.)

माझा पाय बरा आहे, म्हणजे मोडलेला पाय जितका बरा असू शकतो तितका. फोनवर तू विचारलंस तेव्हा 'पडलो' एवढंच सांगितलं, कारण तुझी भावजय शेजारी उभी होती. खरी हकीकत अशी की मी स्टुलावर चढून कोशाचा तिसरा खंड काढत होतो, आणि ज्या शब्दाची व्युत्पत्ती बघायची होती तो शब्द 'स्थैर्य' हा होता. सव्वीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवतोय, पण कोणत्याही शब्दाने माझ्या अंगावर अशी झेप घेतली नव्हती. सहा आठवडे घरी बसा म्हणाले. बसलो.

आता एक नाव घेणार आहे. पत्र खाली ठेवायचं नाही. बॉबिन. (तुझीच मुलगी. नावही तूच ठेवलेलंस, दिवसभर तुझ्या शिलाई मशीनखाली बसून दोऱ्याच्या बॉबिनी घरंगळवायची म्हणून.) अकरा महिन्यांपूर्वी तिने बँकेतली नोकरी सोडली आणि ती फोनवर, टॅबवर खेळायचे खेळ बनवायला लागली, तेव्हा तू म्हणालीस की डोळे फोडून लोकांचे गणवेश शिवले ते पोरीने खेळणी करावीत म्हणून नाही, आणि ती म्हणाली की मग खेळणी करणारीचं तोंडही बघू नकोस. तेव्हापासून तुम्ही दोघी माझ्यामार्फत एकमेकींची चौकशी करता. तू विचारतेस, "तिकडे कोणी आजारी वगैरे नाही ना?" ती विचारते, "मशीनचा पट्टा बदलला का कोणी?" मी मधला पोस्टमन. पोस्टमनचा पाय मोडलाय, एवढं दोघींनी लक्षात घ्यावं.

तर प्लास्टर घातलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी बॉबिन आली. हातात फळं वगैरे काही नाही, एक टॅब. म्हणाली, "मामा, माझा नवा खेळ तपासायला मला असा माणूस हवाय, ज्याला गाण्यातलं काही कळत नाही, जो हट्टी आहे आणि जो उठून जाऊ शकत नाही." तिन्ही गुण एका ठिकाणी सापडल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. (तुझ्याकडूनच आलंय हे. तूही माप घेताना गिऱ्हाइकाला असंच तोंडावर सांगतेस, पोट सुटलंय म्हणून.)

खेळाचं नाव 'ओहळ'. पडद्यावर एक लहानसा ओहळ, त्यात एका ओळीत काही रिकाम्या जागा, आणि काठावर दगड. दगडाला बोट लावलं की तो एक सूर काढतो. आखूड दगडाचा सूर आखूड, लांब दगडाचा लांब. काठावर दोनदा टिचकी मारली की एक धून ऐकू येते. तिच्या क्रमाने दगड जागांवर लावले की पाणी त्यांच्यावरून गात गात पलीकडे जातं आणि पलीकडच्या काठावर एक रोप फुलतं. झालं. असे चाळीस टप्पे. (बॉबिन लेव्हल म्हणते. मी टप्पा म्हणतो. तिने ते सोडून दिलंय.) घड्याळ नाही, गुण नाहीत, कोणी मरत नाही. चुकलात तर ओहळ रागावत नाही. पाणी नुसतं थांबतं. मधली एखादी जागा रिकामी ठेवलीत तर पाणी तिथल्या वाळूत मुरून जातं, तेही कुठलाच आवाज न करता. लोकांच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून हा खेळ केलाय म्हणे. ताई, मी सव्वीस वर्षं परीक्षक आहे. चुकलं की लाल रेघ मारायची, रेघ बघून मुलाने शरमायचं, ही माझी दुनिया. इथे मी अकरा वेळा चुकलो आणि अकराही वेळा पाणी समजूतदारपणे थांबलं. एवढा अपमान माझा आजवर कोणी केला नव्हता. मी ठरवलं, चाळीसच्या चाळीस सोडवल्याशिवाय हा टॅब परत करणार नाही.

आता जे सांगतो त्यावर हसू नकोस. हसलीस तर निदान तुझ्या भावजयीला सांगू नकोस, ती हसून दमली आहे. कोणतंही नवं यंत्र हातात आलं की आधी त्याचा आवाज बंद करायचा, हा माझा जुना नियम. त्याप्रमाणे मी टॅब हातात घेतल्या घेतल्या आवाज बंद केला आणि पहिले एकतीस टप्पे आवाजाशिवाय सोडवले. संगीताचा खेळ. मुका. बॉबिनने सांगितलेलं ते सुरांचं वगैरे मी दुकानात मागे वाजत असतं तसलं काहीतरी समजून सोडून दिलेलं. मला दिसत होते फक्त आखूड दगड आणि लांब दगड. आणि आखूड-लांब समोर आलं की माझ्यासारखा माणूस दुसरं काय करणार? लघु आणि गुरु. मी सरळ वृत्तं पाडत सुटलो. एक लघु, पाठोपाठ पाच गुरु लागले की खुर्चीत सरसावून बसायचो, शिखरिणी येतेय. पुढे पाच लघु हाताशी आहेत ना, एवढंच बघायचं. हुबेहूब वृत्त क्वचितच निघायचं, पण आखूड-लांबाचा तोल कुठे ढळतोय ते डोळ्यांना दिसायचं, आणि पाणी पलीकडे जायचं. मी रोज संध्याकाळी बॉबिनला लेखी अहवाल पाठवत होतो: 'टप्पा सतरावा. पूर्वार्ध निर्दोष. उत्तरार्धात यती चुकीच्या जागी पडते, तरी कर्त्रीने पुनर्विचार करावा.'

हे अहवाल तिच्या ऑफिसात भिंतीवर लावले होते, असं मागाहून कळलं. (ऑफिस म्हणजे एक खोली, तीन टेबलं आणि एक पंखा; पंखा मधल्या टेबलाकडे.) ती मला प्रगल्भ परीक्षक समजत होती. बाराव्या दिवशी तिचा फोन आला. "मामा, ते सगळं राहू दे. तुला धून कशी वाटली?" मी म्हटलं, "कसली धून?" मग तिने अगदी हळू विचारलं, "मामा, टॅबच्या कडेला एक बटण आहे, ते तू दाबलं होतंस का?" दाबलं होतं. मी ते पुन्हा दाबलं. ताई, गेले बारा दिवस ज्यांना मी नुसते दगड समजत होतो ते सगळे गात होते.

ती रागावली नाही. उलट म्हणाली, मामा, ज्यांना ऐकू येत नाही तेही हा खेळ खेळू शकतील हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खेळाच्या शेवटी जी नावं येतात त्यांत आता माझंही येणार आहे. मठ्ठपणाचं असं जाहीर श्रेय आपल्या घराण्यात मलाच पहिल्यांदा मिळतंय.

मग मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं, या वेळी कानांनी. आणि तिथे माझे हाल सुरू झाले. डोळ्यांना जे दोन मिनिटांत दिसत होतं ते कानांना दोन तासांत कळेना. लहानपणी शाळेतल्या गाण्याच्या बाईंनी मला 'तू नुसते ओठ हलव' म्हणून मागच्या रांगेत उभं केलं होतं, ते तुला आठवत असेल. तूच ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलंस. त्या ओठ हलवणाऱ्याने, ताई, सात दिवस सकाळ-दुपार बसून एकोणचाळीस टप्पे ऐकून सोडवले. मध्ये डॉक्टरीणबाई पाय बघायला आल्या, रक्तदाब घेतला, कपाळाला आठी घातली आणि विचारलं, दिवसभर करता काय? मी म्हटलं, मनःशांतीचा एक खेळ खेळतो. म्हणाल्या, ताबडतोब बंद करा. मी बंद केला नाही. त्या जिना उतरेपर्यंत अडतिसावा टप्पा पुन्हा उघडला होता.

आता मुद्दा: चाळिसावा. इथे काठावर कितीही टिचक्या मारा, धून ऐकू येत नाही. आधी कोणी गाऊन दाखवत नाही, आपणच ओळखायचं. दगड सगळे एकाच मापाचे, त्यामुळे माझे लघु-गुरु गेले पाण्यात. आणि दगड आहेत नऊ, जागा दहा. एक जागा रिकामी राहते म्हणजे पाणी मुरणारच. माझ्याआधी पाच जणांनी हा टप्पा तपासून हात टेकले. त्यांतले एक वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे गृहस्थ. ते दहावा दगड शोधत झाडांमागे, लव्हाळ्यांत, सगळ्या पडद्यावर दोन दिवस बोटं फिरवत बसले. दुसऱ्या एक गणिताच्या बाई. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं की हे नऊ दगड दहा जागांवर छत्तीस लाखांहून अधिक प्रकारांनी लावता येतात, आणि नमस्कार करून टॅब परत केला. मी रोज दोनशे प्रकार लावून बघतोय. या वेगाने मला पन्नासेक वर्षं लागतील. प्लास्टर दोन आठवड्यांत निघणार. तरी मी मागे हटणार नाही.

का, ते सांगतो. येत्या पंधरा तारखेला बॉबिन हा खेळ लोकांसाठी खुला करणार आहे. तोवर कोणालाच चाळिसावा सुटला नाही तर ती तो काढून टाकणार, खेळ एकोणचाळीसवर संपणार. मी म्हटलं, अगं थोडी खूण ठेव, काहीतरी सुचव. तर मान हलवून म्हणाली, "नाही मामा. कळेल त्याला कळेल. कोणालाच नाही कळलं, तर ते माझ्या एकटीचंच होतं. लोकांच्या डोक्याला ताप कशाला?" हे ती ज्या आवाजात म्हणाली ना, त्या आवाजात आपल्या घरात फार कमी वेळा बोललं गेलंय, आणि बोललं गेलं तेव्हा बोलणारीने लगेच मशीन सुरू केलंय.

गेल्या शनिवारी दुपारी मी असाच दगड इकडून तिकडे सरकवत बसलो होतो. चुकून पहिले पाच दगड एका विशिष्ट क्रमाने लागले आणि ते वाजले. मला काही कळलं नाही. पण तुझी भावजय आतून ओल्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, वन्संना फोन लावलाय का?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "मग या इथे कशा गुणगुणतायत?"

ताई, ते तुझं गुणगुणणं आहे. मशीनवर बसल्यावर तू जे करतेस ते. तू नाकारशील, कारण मागे एकदा विचारलं होतं तेव्हाही 'मी कुठे गुणगुणते' म्हणालीस आणि तेवढं म्हणून पुन्हा गुणगुणायला लागलीस. त्याला शब्द नाहीत, ते कुठलं गाणं नाही, कुठून आलं कोणालाच ठाऊक नाही. तुझी पोर त्याच्याखाली बसून मोठी झाली. आणि एकदा एवढं कळल्यावर मला बाकीचंही दिसायला लागलं. ते दगड दगड नाहीतच. तुझ्या डब्यातली बटणं आहेत, जी ती लहान-मोठी निवडून फरशीवर एका ओळीत मांडायची. ओहळाचा रंग गणवेशाच्या कापडाचा निळा आहे. तू ज्याला खेळणं म्हणालीस, त्यात तुझी अख्खी खोली आहे, फक्त तू नाहीस.

मी तिला लगेच फोन केला आणि विचारलं, हे तेच का? म्हणाली, "मामा, परीक्षा देणाऱ्याने प्रश्न विचारायचे नसतात." मग म्हणाली, "पट्टा बदलला का मशीनचा?"

शनिवारपासून मी आठवून आठवून नऊही दगड तुझ्या क्रमाने लावले. नवव्यापाशी तुझी ओळ बरोबर संपते, दहावी जागा तशीच उरते आणि पाणी येऊन तिथे मुरतं. दहावा सूर मला आठवत नाही. तुझ्या भावजयीलाही नाही. ती म्हणते, गाणं तर एवढंच आहे. मी म्हणतो, मग जागा दहा कशाला? या विषयावर आमच्याकडे दोन वेळची जेवणं थंड झाली आहेत. पण काही झालं तरी हा टप्पा मी काढू देणार नाही. मोडक्या पायाने का होईना, मी दाराशी आडवा पडेन.

बाकी सर्व क्षेम. पाठीला उशी घेणे.

तुझा,
ओठ हलवणारा

ता. क. पत्राचा खरा हेतू सांगायचा राहिला. दहावा सूर तुझ्याकडे आहे. फोनवर विचारून उपयोग नाही, फोनवर तू गुणगुणत नाहीस, फोनवर तू उपदेश करतेस. तू गुणगुणतेस फक्त मशीनवर. तू तुझ्या भावजयीला दिलेलं जुनं पायमशीन इथे आहे, त्याला तेल घातलंय, आणि (हे कोणालातरी कळवायचं असेल तर मी कळवीन) त्याचा पट्टा बदललाय. खिडकीच्या दोन पडद्यांच्या कडा दुमडायच्या राहिल्यात. तेव्हा चौदा तारखेपर्यंत ये. भावाचा पाय बघायला आले म्हणायचं. कोणी काही विचारणार नाही.

ता. क. २. लपवून ठेवलं असं नंतर म्हणू नकोस म्हणून आत्ताच लिहितो. टॅब परत न्यायला बॉबिन चौदालाच दुपारी चार वाजता येणार आहे. मी तिला तू येणार असल्याचं सांगितलेलं नाही. तुला ती येणार असल्याचं सांगतोय, कारण तू मोठी आहेस.

ता. क. ३. पाकीट चिकटवायच्या आधी एक कबुली. वर मी अडलोय असं जे तीनदा लिहिलंय, ते खोटं आहे. मंगळवारी माझ्या सदऱ्याचं बटण निघालं. तुझी भावजय ते सदरा अंगावर असतानाच लावत होती, आणि कात्री हाताशी असून तिने दोरा दाताने तोडला. तेवढा एक क्षण ती बोलायची थांबली. ताई, तूही तशीच. गळ्यात कात्री अडकवलेली असते, तरी दोरा दाताने तोडतेस; आणि तोडताना तुझं गुणगुणणं बंद पडतं, दर वेळी पाचव्या सुरानंतर, कारण तेवढ्यात तुझी एक शिवण पूर्ण होते. मग पुढचे चार. दहावा सूर नाहीच. पाच दगड, एक रिकामी जागा, चार दगड. इतर सगळ्या टप्प्यांत रिकाम्या जागेत पाणी मुरतं. इथे ते क्षणभर थांबणार आणि पुढे जाणार, याची मला खात्री आहे. जगात हे ठाऊक असलेली माणसं तीन, आणि त्यांतली एक मी गुणगुणतच नाही म्हणते.

आठ दगड मी लावून ठेवलेत. नववा हातात आहे. टॅब टेबलावर चार्जरला जोडून ठेवलाय, त्याच्याभोवती खडूने रेघ मारली आहे, आणि तुझी भावजय रेघेच्या बाहेरून धूळ पुसते. तू आली नाहीस तर पंधराच्या सकाळी मी नववा दगड ठेवीन आणि टप्पा वाचेल. त्याची काळजी करू नकोस. पण मग ते रोप माझ्यासमोर फुलेल, आणि पोर म्हणेल, मामाने सोडवलं. मला ते श्रेय नको. आधीच एक घेऊन बसलोय.

ता. क. ४. घरातल्या चारही कात्र्या मी कोशाच्या तिसऱ्या खंडामागे लपवल्या आहेत. येताना तुझी आणू नकोस.